एकतीस गुंठे आणि दोन सातबारे

१९ नोव्हेंबर २०२३. वर्ल्ड कपची फायनल होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. सगळं पुणं टीव्हीपुढे बसलेलं आणि आम्ही दोघं एका एजंटच्या गाडीत बसून कात्रजचा बोगदा ओलांडत होतो. 'डोंगरकुशीत अकरा गुंठे, फक्त सहा लाखांत' अशी जाहिरात ह्यांच्या फोनवर आली होती. जाण्यायेण्याची गाडी फुकट, वर मटण-भाकरी फुकट. मी तेव्हाच म्हटलं होतं, फुकट जेवू घालणाऱ्याच्या ताटाखाली काहीतरी असतंच.

जागा दिसायला सुरेख होती. चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्रत्येक चौकोनात नंबराची पाटी, पुढे सिमेंटची कमान. मी विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर निघणार?" तर तो मुलगा म्हणाला, "सामायिक निघेल मॅडम. तुमच्यासारखे अजून चौघं, सगळ्यांची नावं एकाच उताऱ्यावर." तेव्हा मला यातलं काहीच कळत नव्हतं, पण पाच अनोळखी बायकांचं माप एकाच ब्लाउजला घ्यायला सांगावं तसं वाटलं. (मी धनकवडीत शिवणक्लास चालवते. उदाहरणं तिथलीच येणार, सांभाळून घ्या.) नंतर कळलं की ही तुकडेबंदीतून काढलेली पळवाट असते. आपल्याकडे जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र वीस गुंठे आणि बागायतीचं दहा गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पाडून स्वतंत्र विकता येत नाही, म्हणून पाच-सहा जणांना एका दस्तात बसवतात. कागदावर तुम्ही अख्ख्या शेताचे भागीदार आणि तुमचा चुन्याचा चौकोन कुठेच नाही.

'कळवतो' म्हणून निघालो. पण परतताना कापूरहोळला चहाला थांबलो, तेव्हा उन्हं उतरली होती आणि डोंगर निळे पडत चालले होते. ह्यांनी एवढंच विचारलं, "आपल्याकडे किती आहेत?" माझ्या क्लासच्या वीस वर्षांच्या साठवणीतले सात लाख आणि ह्यांच्या व्हीआरएसमधले उरलेले सहा. तेराच्या आत सगळं बसवायचं, खर्चासकट, असं त्या टपरीवर ठरलं. घर बांधायचं नव्हतं. चार झाडं लावावीत, रविवारी जाऊन बसावं, समोर डोंगर असावा, एवढंच.

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांचे ब्लाउज मी शिवते, त्या ओळखीवर. आम्ही बजेट सांगितलं, तालुका सांगितला, डोंगराचं वर्णन केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी शेतकरी कोण आहे?"

हे आधी कुणीच सांगत नाही म्हणून नीट लिहिते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, कलम ६३. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे जमीन शोधायच्या आधी स्वतःचं किंवा घरातलं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे का ते शोधायचं. ह्यांच्या घरी तीन पिढ्या गिरणी आणि कारखाना, शेत नाही. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, चार एकर जिरायत. वडील २०१९ ला गेले. वारसनोंद झाली होती हे मला माहीत होतं, कारण भावाने फोन करून आधारकार्डाचा फोटो मागवला होता. पुढे हक्कसोडपत्रही करायचं ठरलं होतं, पण मध्ये करोना आला आणि ते राहूनच गेलं.

वकीलबाईंनी तिथल्या तिथे महाभूलेख या सरकारी साइटवर उतारा काढला. कब्जेदार म्हणून आई आणि भाऊ. खाली 'इतर हक्क' या रकान्यात आम्ही दोघी बहिणी. जिथे सोसायटीचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा लिहितात, तिथे.

"हे चालेल ना?" मी विचारलं.

"पत्रिकेत नाव आहे हो," त्या म्हणाल्या, "पंगतीत पान नाही."

इतर हक्कातलं नाव वर कब्जेदार सदरात घ्या, मग तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा कुणी नाकारणार नाही, असा त्यांचा सल्ला. कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, पण बऱ्याच गावांत पूर्वापार मुलींची नावं खाली टाकायची रीत. आम्हीही कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी बोलले असते का, सांगता येत नाही.

फेब्रुवारीत गावाला गेले. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. आई ओट्यावर घेवडा निवडत बसली होती. भावाला सगळं सांगितलं: डोंगर, तेरा लाख, कलम ६३. तो ऐकत होता, पण त्याला ऐकू एकच गोष्ट जात होती.

"म्हंजे वाटणी का, आक्का?"

मी नाही म्हटलं. तो गप्प. वहिनी आत चहा टाकायला गेली ती बाहेर आलीच नाही. वाटणी मागणार नाही असं लिहून देते, असं मी म्हणाले असते, पण वकीलबाईंनी बजावून पाठवलं होतं की हक्क सोडल्याचं काहीही लिहून दिलंत तर जे मिळवायला चाललात तेच जाईल. मग नुसतं बसून राहायचं. तो उठून गोठ्याकडे गेला, म्हशीला पेंड घातली, परत आला. एवढ्या वेळात आईने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "खालचं नाव वर गेल्यानं रान काय जागचं हलतंय व्हय? दे सही."

त्याने सही दिली. त्या रात्री जेवताना मात्र तो माझ्याशी बोलला नाही. हेही या प्रक्रियेतलंच आहे म्हणून लिहिते. खर्चाच्या हिशेबात ते येत नाही.

पुढचं काम कागदाचं. अर्ज, आईचा, भावाचा आणि धाकट्या बहिणीचा जबाब, वारसनोंदीच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल. एक अडचण अशी की सातबाऱ्यावर माझं माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं दोन्ही. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आणि विवाहनोंदणीचा दाखला जोडावा लागला. लग्नानंतर नाव बदललेल्या सगळ्यांनी हे आधीच करून ठेवा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि महसूलची माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली. मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. त्या काळात कुणालाही फोन करण्यात अर्थ नव्हता. २१ जूनला, वटपौर्णिमेच्या दिवशी, फेरफार मंजूर झाला. भावाने नव्या उताऱ्याचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नाही.

या चार महिन्यांत आम्ही जमिनी पाहतच होतो. एकूण चौदा पाहिल्या. सगळ्या सांगत बसत नाही, दोन सांगते. पहिलीवरून राजगड आणि तोरणा एकाच नजरेत यायचे. किंमतही बसत होती. सातबाऱ्यावर वरच्या बाजूला 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं. वर्ग १ म्हणजे मालकाला विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे सरकारने काही अटीवर दिलेली, विकायला परवानगी लागते. मालक म्हणाला, "परवानगी काय, काढू की." त्याने आधी काढावी, मग आम्ही येतो, असं सांगून निघालो. दुसरी एका धारेवर होती, अगदी स्वस्त. तिच्या इतर हक्कात बारीक अक्षरात कलम ३५(३) ची नोंद होती. हे खाजगी वनाचं प्रकरण. १९७५ च्या कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली, त्यातली ही नोंद. पश्चिम घाटाच्या पट्ट्यात ती बऱ्याच उताऱ्यांवर सापडते आणि ती असली की तिथून सरळ गाडीत बसायचं. सातबारा वरून खाली वाचतात सगळे. मी आता खालून वर वाचते.

मेमध्ये ह्यांच्या जुन्या कंपनीतल्या एकाच्या सासुरवाडीकडून निरोप आला. भोर तालुका, आंबवड्याच्या पुढे, गावाचं नाव लिहीत नाही. उन्हाने सगळं पिवळं पडलेलं. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. पुढे चालत होते आणि आम्ही मागून धापा टाकत. जमीन म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या सहा पायऱ्या. खालच्या दोनांत भात, वरच्या वरकस, एकेकाळी नाचणी-वरई करायचे, आता पडीक. सगळ्यात वर काळा कातळ, बैलगाडी उभी राहील एवढा सपाट. आबा त्यावर चढून उभे राहिले आणि काठीने दाखवलं, "ह्यो रायरेश्वर. आन् त्यो टोपी घातलेला केंजळगड." केंजळगडाचा माथा खरंच टोपी ठेवल्यासारखा दिसतो, भोवतीने तासलेला कडा.

उतारा तिथेच फोनवर पाहिला. वर्ग १. क्षेत्र ०.३१ हेक्टर, म्हणजे ३१ आर, गावच्या भाषेत एकतीस गुंठे. त्यात ०.०७ पोटखराबा. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जागा. आबा कातळावर पाय आपटत म्हणाले, "ह्यो सगळा खराबा. ह्येचं पैसं द्यायला जिवावर येतंय लोकांस्नी." आम्हाला तर तोच हवा होता, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. भाव पन्नास हजार गुंठ्यापासून सुरू झाला. मिटला अडतीसला, तोही खराब्यासकट सरसकट, तीन फेऱ्यांनंतर. ३१ गुणिले ३८,००० म्हणजे ११,७८,०००. पूर्ण गटच, म्हणजे त्या सातबाऱ्यावरची अख्खी जमीन, घेत असल्यामुळे तुकडेबंदीचा प्रश्न आला नाही.

लगेच विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावा असं ह्यांना वाटत होतं. मी म्हटलं, पाऊस बघू. हा एक निर्णय माझा बरोबर निघाला, बाकी बरेच चुकले.

२१ जुलैला, गुरुपौर्णिमेला गेलो. रायरेश्वर नव्हता. केंजळगड नव्हता. कातळावर उभं राहिलं तर स्वतःच्या खालची तिसरी पायरीसुद्धा धुक्यात. पाऊण तास छत्री धरून थांबलो, एकदाही पडदा वर गेला नाही. डोंगर पाहायला जमीन घेणाऱ्यांना सांगते: सह्याद्री पावसाळ्यात दिसत नाही, मार्च ते मे धुरळ्यात आणि वणव्याच्या धुरात अर्धा दिसतो. स्वच्छ दिसतो तो ऑक्टोबर ते जानेवारी. जाहिरातीतले सगळे फोटो तेव्हाचे असतात.

पण त्या दिवशी डोंगरापेक्षा महत्त्वाचं दिसलं. मेमध्ये ज्या वाटेने आम्ही चालत गेलो होतो ती वाटच नव्हती. ते शेजाऱ्याचं खाचर होतं. आता त्यात गुडघाभर पाणी आणि आवण लावलेलं, आणि आम्ही बांधावरून सर्कशीतल्यासारखे. गावनकाशा काढला तर पाणंद, म्हणजे गावची गाडीवाट, शंभर मीटर अलीकडेच संपत होती. 'जातात की सगळे तिथनंच' ही वहिवाट झाली. माणूस बदलला, भांडण झालं की ती बंद होते. मग तहसीलदारांपुढे रस्ता मागायची तरतूद आहे, पण आम्हाला पहिल्याच वर्षी शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करायचा नव्हता. आबांनाच मध्ये घालून शेजारच्या काकांशी बोललो. कडेने दहा फुटांची वाट, पंचवीस हजार रुपये, आणि त्याचा नोंदणीकृत दस्त. काकांना दस्ताचं नवल वाटलं. "तोंडाचा शबूद हाय की," म्हणाले. मी म्हटलं, काका, तुमचा आहे, तुमच्या नातवाचा मला माहीत नाही. ते हसले आणि तयार झाले.

ऑगस्टमध्ये वकीलबाईंनी तीस वर्षांचा शोध घेतला, जुने फेरफार काढले आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांत हरकत असल्यास कळवा म्हणून. नोटिशीला तीन हजार लागले. हरकत कुणाचीच आली नाही. शोधात मात्र दोन गोष्टी वर आल्या.

पहिली: आबांचे वडील या जमिनीचे कूळ होते, त्याच कुळवहिवाट कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे मालक झालेले. त्यामुळे इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा होता. कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम सरकारजमा केली की मोकळं होता येतं. चाळीस पट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. वकीलबाईंनी आकार वाचला: एक रुपया बासष्ट पैसे. चाळीस पट म्हणजे चौसष्ट रुपये ऐंशी पैसे.

चौसष्ट रुपये ऐंशी पैसे भरायला अडीच महिने लागले! ३२म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं, प्रमाणपत्र आबांच्या पत्र्याच्या पेटीत होतं, पण वाळवीने एक कोपरा खाल्लेला, नेमका शिक्क्याचा. म्हणून अभिलेख कक्षातून नक्कल. मग अर्ज. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. ती उठली नोव्हेंबरच्या शेवटी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चलन भरलं आणि शेरा कमी झाला. जुन्या जमिनीचं ३२म आधी मागा, विसाराच्याही आधी. आम्ही सप्टेंबरात ५१,००० विसार देऊन बसलो होतो. विसारपावतीत मुदत सहा महिन्यांची टाकली होती, ती नंतर वाढवून घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट इतर हक्कातच होती. एका बाईचं नाव. आबांची धाकटी बहीण, लग्न होऊन मुंबईला गेलेली, नवरा माथाडी, आता कोपरखैरण्याला. आबा आणि त्यांच्या वारलेल्या भावाचे दोन मुलगे कब्जेदार सदरात आणि आत्या खाली.

"तिची निस्ती सही लागंल," पुतण्या म्हणाला. "साडीचोळी करू तिला."

वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. "लिहून देणार म्हणून चौथं नाव त्यांचं येईल. आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर. नाहीतर आम्ही घेत नाही." हे कायद्याच्या काळजीपोटी होतं, उद्या आत्याची मुलं उभी राहू नयेत म्हणून. मी काही बोलले नाही. खालच्या रकान्यातल्या त्या नावाकडे बघत राहिले. त्या लोकांनी आपसात बसून आत्याला दोन लाख ठरवले. हिशेबाने तिचा हिस्सा याच्या जवळजवळ दुप्पट होत होता. पण ते बोलणं माझं नव्हतं. नव्हतं असं मी तेव्हा ठरवलं.

जानेवारी २०२५ ला मोजणी टाकली. अर्ज सातबाऱ्यावरच्या मालकालाच करता येतो, घेणाऱ्याला नाही, त्यामुळे फी आम्ही भरली आणि अर्ज आबांच्या नावाने. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणी दोन हजार, द्रुतगती आठ हजार. आम्ही द्रुतगती भरली. १२ फेब्रुवारीला भूकरमापक आले. तिकाटण्यावर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्र, उभं करून ते आकडे वाचत होते आणि त्यांचा मदतनीस चुना टाकत होता. जुना हद्दीचा दगड करवंदीच्या जाळीत सापडला, कोयत्याने जाळी तोडल्यावर. त्याने दाखवून दिलं की वरच्या बाजूचा बांध दीड गुंठा आमच्या अंगावर सरकलाय. वरच्या शेताची मालकीण एक म्हातारी, ती चुन्याच्या रेघेकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "म्या न्हाय सरकवला बया. पावसानं सरकला." असेलही. कापडाला शिलाईच्या आत माया सोडतात, ती सोडली नाही तर कपडा पहिल्याच धुण्यात उसवतो. आम्ही खुणेचे खांब रेघेच्या दीड फूट आत रोवले. 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, महिनाभराने हातात आली. ती आल्याशिवाय खरेदीखत करायचं नाही, हे सुरुवातीपासून ठरलं होतं.

मार्चमध्ये दस्त करणं टाळता आलं तर टाळा. १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या भावाचे, नवे दर लागतात, त्याआधी उरकायला सगळी दुनिया येते. आमचा विसार वाढवलेल्या मुदतीतला होता, त्यामुळे इलाज नव्हता. २५ मार्चचा टोकन. सकाळी साडेदहाला आबा, दोन पुतणे, दोन साक्षीदार, वकीलबाई आणि आम्ही दुय्यम निबंधकांच्या दारात. आत्या पहाटेच्या एसटीने निघाली होती. पिशवीत चपाती-चटणी, अंगावर नवी साडी. मी विचारलं नाही कुणी दिली.

सगळ्यांचे फोटो झाले, अंगठे झाले. आत्याचा अंगठा मशीन घेईना. एकदा, दोनदा. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला. नाही. वीस-बावीस वर्षं लोकांची भांडी घासून रेषा गेल्यात, ती आपणहून म्हणाली, जसं काही माफी मागतेय. ऑपरेटर मुलगा चांगला होता. त्याने ड्रॉवरमधून व्हॅसलीनची डबी काढली, बहुतेक यासाठीच ठेवलेली. तिने अंगठ्याला चोळलं, थोडं थांबली, पुन्हा ठेवला. पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. मागे उभे असलेले आबा तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झालं गं." दस्तात तिचं नाव चौथं होतं, पण पूर्ण होतं, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट.

तिचा डीडी मी तिच्या हातात दिला. तो नंतर कुणाच्या खात्यात वटला, ते मला माहीत नाही.

खर्च विचारणारे बरेच आहेत म्हणून सांगते. जमिनीचे ११,७८,००० सोडून आमचे १,५३,००० गेले. त्यात मोठा भाग मुद्रांक आणि नोंदणीचा. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का असते, कमाल तीस हजार. हाताळणीचे तेव्हा पानाला वीस रुपये होते. बाकी वकील, मोजणी, नोटीस, नकला, रस्त्याचे पंचवीस हजार आणि खांब. पेट्रोल धरलेलं नाही. धरलं असतं तर ह्यांनी मला हा लेख लिहू दिला नसता. तेराची मर्यादा एकतीस हजारांनी ओलांडली, तेवढ्यासाठी एक पाटली मोडली. बांधकाम करायचं असेल त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे उतार. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. दुसरं, गावाचं नाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप यादीत आहे का. ३१ जुलै २०२४ ला केंद्राने ते प्रारूप पुन्हा प्रसिद्ध केलंय. आमचा विचार फक्त झाडांचा आणि एका बाकाचा, त्यामुळे आम्ही खोलात गेलो नाही.

जमीन माझ्या एकटीच्या नावावर झाली. ह्यांचं नाव घालताच येत नव्हतं, कारण ते शेतकरी नाहीत. आता पाहुण्यांत सांगतात, "मी हिच्या शेतावर गडी आहे."

दस्त झाल्यावर फेरफाराची माहिती आपोआप ऑनलाइन जाते. मग संबंधितांना नोटिसा, पंधरा दिवस हरकतींसाठी, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. आत्याची नोटीस कोपरखैरण्याच्या जुन्या पत्त्यावर गेल्याने परत आली, ती पुन्हा पाठवण्यात तीन आठवडे गेले. विकणाऱ्यांचे आत्ताचे पत्ते दस्तात नीट घाला, आधारवरचे जसेच्या तसे उतरवू नका.

२०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला. ९ जूनला संध्याकाळी क्लासमधल्या मुली गेल्यावर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. कब्जेदार सदरात एकच नाव. इतर हक्कात काही नाही. फोटो काढून आधी आईच्या, म्हणजे भावाच्याच, नंबरवर पाठवला.

रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. फेब्रुवारी २०२४ नंतर त्याने आपणहून केलेला पहिला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"आक्का, एकतीसात सात गुंठं पोटखराबा? फसवलं की गं तुला."

मी म्हटलं, ये आणि बघ.

"वापसा आला की पेरणी उरकतो," तो म्हणाला. "मग आईला घिऊन येतो."